हातातला मोबाईल मोजणाऱ्यांनो, आधी मोजणी शिका!

थकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल आपल्यातल्या कुणी चार ओळी लिहिल्या, की तासाभरात खाली एक उत्तर हमखास येतं. "हातात वीस हजारांचा मोबाईल आहे आणि फुकटची शिष्यवृत्ती मागताय!" दिवाळी जवळ आली की या उत्तराला वर्तमानपत्राच्या कात्रणाची जोड मिळते. देशात स्मार्टफोनची विक्रमी विक्री, अमुक कोटी फोन, अमुक टक्के वाढ. मग कात्रण पाठवणारा स्वतःच न्यायाधीश होऊन निकाल देतो की देशात गरिबी उरलेली नाही, जातही उरलेली नाही, उरलंय ते फक्त आरक्षण.

याला आपली पोरं दोन प्रकारे उत्तर देतात. एक जण चिडून शिव्या घालतो. दुसरा ओशाळतो आणि "सेकंडहँड आहे हो, मामाने दिला" असा खुलासा करतो. दोघंही समोरच्याचा आकडा मान्य करूनच बोलतात. माझं म्हणणं असं की आधी आकडाच तपासायला घ्या. तो कशाचा आहे, कुणी मोजला, कुठे उभं राहून मोजला, हे विचारा. पाठवणारा तिथेच अडखळतो, कारण त्याने बातमीच्या मथळ्यापलीकडे काही वाचलेलं नसतं.

बातमीत शब्द असतो 'विक्री'. पण आयडीसी, काउंटरपॉइंट यांसारख्या संस्था दर तिमाहीला जे आकडे देतात, ते बहुतेक वेळा शिपमेंटचे असतात. शिपमेंट म्हणजे कंपनीने माल काढून वितरकाकडे पाठवला. तो फोन अजून गोदामात आहे, खोक्यात आहे, दुकानाच्या काचेमागे आहे. गिऱ्हाईकाने त्याला हातही लावलेला नाही, तरी तो मोजून झाला. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपन्या सणाच्या तोंडावर दुकानं गच्च भरतात आणि आकडा फुगतो. माल पडून राहिला तर पुढच्या तिमाहीत कमी पाठवतात आणि आकडा उतरतो. तोवर फुगलेल्या आकड्यावर अग्रलेख लिहून झालेले असतात. शिवाय हे अंदाज असतात आणि एका संस्थेचा अंदाज दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. ॲपलने तर नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केलं की यापुढे किती आयफोन विकले हे आम्ही सांगणार नाही. म्हणजे 'प्रत्येकाच्या हातात आयफोन' असं म्हणणाऱ्याकडे आयफोनचा जो आकडा असतो, तो कंपनीचा नसून बाहेरच्यांनी बांधलेला अंदाज असतो.

टक्केवारीची गंमत तर त्याहून मोठी. आयडीसीच्या हिशेबात एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत भारतात सुमारे ३ कोटी ६९ लाख स्मार्टफोनची शिपमेंट झाली. २०२० मध्ये त्याच तिमाहीत टाळेबंदी होती, आकडा निम्म्यावर, १ कोटी ८२ लाखांवर आला. २०२१ मध्ये तो ३ कोटी ४० लाख झाला. मथळा काय होणार? '८६ टक्के वाढ'. मथळा खोटा नाही, गणित बरोबर आहे. पण दोन वर्षांपूर्वीपेक्षा फोन कमीच होते, हे त्या मथळ्यात कुठेच दिसत नाही. खड्ड्यात पडलेला माणूस वर आला की त्याला उंच उडीचं पदक द्यायचं, असा हा प्रकार.

आता वर्षांचे आकडे बघा. २०२१ मध्ये सुमारे १६ कोटी. २०२२ मध्ये साडेचौदा कोटींच्या आत. २०२४ मध्ये सुमारे १५ कोटी. म्हणजे तीन वर्षांनीही २०२१ ची पातळी गाठलेली नव्हती. मग विक्रम कशाचा? रुपयांचा. फोनची सरासरी किंमत वाढत गेली, महागड्या फोनचा वाटा वाढला आणि दहा हजारांच्या आतल्या फोनचा वाटा आक्रसला. ज्याच्याकडे होतं त्याने आणखी महागडा घेतला, आणि ज्याच्याकडे नव्हतं त्याच्या परवडणाऱ्या किमतीत बाजारात फोनच कमी राहिले. या आकड्याला 'सर्वसामान्यांची भरभराट' म्हणायला फार मोठं धाडस लागतं. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ते मुबलक आहे.

बरं, हे १५ कोटी फोन म्हणजे १५ कोटी नवी माणसं का? नाही. त्यातले बहुसंख्य जुना फोन बदलणाऱ्यांचे. काच फुटली, बॅटरी फुगली, अपडेट बंद झालं म्हणून घेतलेले. जुना फोन धाकट्या भावाकडे जातो, नाहीतर दुरुस्तीच्या दुकानातून तिसऱ्याच माणसाकडे. आपल्या वस्त्यांमधला फोन पुष्कळदा हाच असतो, आणि शिपमेंटच्या वहीत त्याची नोंद दुसऱ्यांदा होत नाही. वर्षाला कोटींच्या घरात शिपमेंट, म्हणून दहा वर्षांत सगळा देश स्मार्टफोनवाला झाला, असा गुणाकार करणाऱ्याला सांगा की दरसाल जेवढ्या चपला विकल्या जातात तेवढे पाय दरसाल उगवत नाहीत.

सिमकार्डाचा हिशेब तसाच. ट्रायच्या आकड्यांत देशात मोबाईल जोडण्या ११० कोटींच्या पुढे आहेत. पण जोडणी म्हणजे माणूस नव्हे. शहरांमध्ये दर शंभर माणसांमागे जोडण्या शंभराच्या वर आहेत, आणि खेड्यांमध्ये साठाच्या आसपास. पुण्या-मुंबईतल्या एकाच्या खिशात दोन सिम आणि मराठवाड्यातल्या वाडीत दोन माणसांत एक. बेरीज करा, भागाकार करा, सरासरी छान येते. सरासरी ही अशी चादर आहे की ती ज्याच्या अंगावर असते त्यालाच ऊब लागते आणि मोजताना दोघांनाही पांघरलेली दाखवता येते.

मुद्दा खरा उघडा पडतो तो घराच्या आत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या महिला ५४ टक्के निघाल्या. हा साधा मोबाईल, स्मार्टफोन नव्हे. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. 'असर'च्या ग्रामीण पाहणीत शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ च्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. हा आकडा कौतुकाने सगळीकडे फिरला. त्याच पाहणीतला पुढचा आकडा फारसा फिरला नाही. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्या मुलांपैकीही २६ टक्क्यांना अभ्यासासाठी तो अजिबात मिळत नव्हता, आणि हवा तेव्हा मिळत होता फक्त २७ टक्क्यांना. कारण उघड आहे. फोन बापाबरोबर सकाळी कामावर जातो.

जून २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात एका दलित शाळकरी मुलीने आत्महत्या केली. ऑनलाईन वर्ग सुरू झाले तो पहिला दिवस होता. घरात स्मार्टफोन नव्हता आणि टीव्ही बंद पडलेला होता. केरळसारख्या राज्याच्या सरासरीत ती मुलगी कुठे दिसली असती? पुढच्या वर्षी मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी तर कोविनवर नोंदणी करा म्हणून सांगितलं गेलं. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, ज्याचा फोन साधा आहे, त्याचं काय, हे सर्वोच्च न्यायालयाला विचारावं लागलं. 'सगळ्यांकडे फोन आहे' हे वाक्य गप्पांच्या अड्ड्यावर चुकलं तर वाद होतो. तेच धोरणात चुकलं तर माणूस रांगेबाहेर पडतो.

आणखी एक गोष्ट या कात्रणवाल्यांना दिसत नाही, किंवा बघायची नाही. फोन ही चैन आहे असं ते धरून चालतात. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या पोराचा फोन म्हणजे त्याचं अवजार आहे. गवंड्याची थापी, चांभाराची आरी, तसा हा. फरक इतकाच की पूर्वी कारखानदार यंत्र स्वतः विकत घ्यायचा आणि आता यंत्र कामगाराने विकत घ्यायचं, तेही हप्त्यावर, आणि हप्ता चुकला की फोन लॉक होणार. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी जानेवारी २०२३ पासून ॲपवर सक्तीची झाली. कामावर कुणाकडे तरी स्मार्टफोन नसेल, रेंज नसेल, फोटो चढला नाही, तर दिवसभर खणलेल्या मातीची मजुरी अडकते. अंगणवाडी सेविकांना शासनाने फोन दिले, राज्यभरात लाखभर. ते इतके कमी क्षमतेचे होते की पोषण ट्रॅकर धड चालेना, त्यातून ते ॲप मराठीत नाही ही तक्रार. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. आता बघा, तेही लाखभर फोन कुठल्या तरी तिमाहीच्या आकड्यात 'वाढ' म्हणून बसलेले असणार. सेविकांनी ते परत केले याची नोंद कुठल्या आलेखात आहे?

चैन म्हणून फोन घेतला तरी काय बिघडलं, हाही प्रश्न आहेच. आपल्या पोराने चांगला फोन घेतला, चांगला कॅमेरा घेतला, बुद्धविहारातला कार्यक्रम लाइव्ह दाखवला, तर त्याचा खुलासा त्याने कुणाला द्यायचा? आपल्या अंगावरचे चांगले कपडे, आपल्या नवरदेवाची घोडी, आपल्या मिशा यांवर डोळा ठेवणारी जुनी नजरच आता मोबाईलच्या मॉडेलपर्यंत पोचली आहे. शिर्डीत मे २०१५ मध्ये आपल्यातल्या एका तरुणाचा खून झाला. कारण काय? मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. फोन आला म्हणजे जात गेली, असं सांगणाऱ्याने ही एक घटना समजावून सांगावी. त्या पोराचा फोनही कधीतरी कुठल्या तरी शिपमेंटच्या आकड्यात प्रगती म्हणून मोजला गेलाच होता.

२०११ च्या जनगणनेनंतर एक मथळा देशभर गाजला होता. लोकांकडे फोन आहे, संडास नाही. ६३ टक्के घरांत फोन होता, घराच्या आवारात संडास ४७ टक्क्यांकडे. इंग्रजी वाचणाऱ्या वर्गाने त्याचा अर्थ लगेच लावला की या लोकांना प्राधान्यक्रम कळत नाही. मला त्या आकड्याचा अर्थ वेगळा दिसतो. दीड हजारांचा फोन माणूस एकट्याच्या बळावर आणू शकतो. दुकानात जायचं, पैसे द्यायचे, खिशात घालायचा, दुकानदार जात विचारत नाही. संडास तसा येत नाही. त्याला जागा लागते, जागेचा सातबारा किंवा पट्टा लागतो, पाणी लागतं, ड्रेनेजची लाईन लागते, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आपल्या वस्तीकडे वळावं लागतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत मोबाईलचा टॉवर पोचला, कारण तिथे गिऱ्हाईक होतं. नळ पोचला नाही, कारण तिथे राहणारा त्यांच्या लेखी नागरिक नव्हता. त्या मथळ्यात दोष कुणाचा दिसतो? फोन घेणाऱ्याचा की लाईन न टाकणाऱ्याचा?

कुणी म्हणेल, अहो, ही सोशल मीडियावरची वाह्यात भांडणं, एवढं मनावर काय घ्यायचं. मनावर घ्यायचं कारण हीच समजूत सरकारी कागदावर उतरलेली आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत ग्रामीण कुटुंब आपोआप वगळण्याचे निकष ठरले, त्यात फ्रिज होता, दुचाकी होती आणि लँडलाईन फोनही होता. घरात फोनची वायर आलेली असेल तर तुम्ही गरीब नाही. हाच निकष पुढे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीला लागला. दुचाकी, फ्रिज आणि लँडलाईनच्या अटी काढायला २०२४ उजाडलं. तेवढ्या वर्षांत किती कुटुंबांची घरकुलं फ्रिजवर आणि फोनवर अडली, याचा हिशेब कुणी मांडणार आहे का? आणि त्याच पाहणीत जातीचीही माहिती गोळा केली होती ना? ती आजतागायत बाहेर आलेली नाही. फोन मोजला आणि त्यावरून घर नाकारलं. जात मोजली आणि तो आकडा कपाटात कुलूपबंद केला. मोजणी कशी वापरतात याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकही बघण्यासारखा आहे. त्यात मालमत्तेचा एक निकष आहे. रेडिओ, टीव्ही, टेलिफोन, संगणक, बैलगाडी, सायकल, मोटारसायकल, फ्रिज यांपैकी एकापेक्षा जास्त वस्तू घरात असल्या की ते घर मालमत्तेच्या बाबतीत वंचित नाही. म्हणजे एक मोबाईल आणि एक सायकल, झालं काम. प्रामाणिकपणे सांगायचं तर या निकषाचं वजन एकूणात एकवीसांश आहे, एकट्या मोबाईलने कुणी दारिद्र्याबाहेर जात नाही, आपण उगाच अतिशयोक्ती करू नये. पण ९ वर्षांत २४ कोटी ८२ लाख लोक दारिद्र्यातून बाहेर आले, असं जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं गेलं, तेव्हा त्या बेरजेत मोबाईल कुठे बसलेला आहे हे आपल्या कार्यकर्त्याला माहीत असायला हवं. दुसरीकडे २०१७-१८ ची उपभोग खर्चाची पाहणी, म्हणजे लोक खरोखर किती खर्च करतात याची मोजणी, सरकारने प्रसिद्धच केली नाही. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१९ मध्ये, तेव्हाचे दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद मुंबईत म्हणाले होते की तीन सिनेमांनी एका दिवसात १२० कोटी कमावले, म्हणजे अर्थव्यवस्था उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विधान मागे घेतलं. सिनेमाचं विधान मागे घेता आलं. मोबाईलचं विधान रोज कुणीतरी नव्याने करतं.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तेव्हाचे जाणकार एकरांवरून ठरवत होते की तुकडे फार लहान म्हणून शेती तोट्यात. कुटुंबाला खाऊन पुरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर जमीन, अशी त्यांची व्याख्या. बाबासाहेबांनी या व्याख्येवरच बोट ठेवलं. हा विचार उपभोगाच्या बाजूने केलेला आहे, उत्पादनाच्या नाही. नुसत्या आकाराला अर्थ नाही, त्या जमिनीवर लावायला भांडवल किती, अवजारं किती, याच्या प्रमाणात तिला अर्थ येतो. आणि त्यांनी दाखवलं की शेतकऱ्याजवळच्या तुटपुंज्या साधनांच्या मानाने ते तुकडे लहान नसून उलट मोठेच आहेत. वस्तू मोजून माणसाची स्थिती सांगणाऱ्यांना हे उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं आहे. आपण ते निबंध कपाटात ठेवतो आणि जयंतीला कपाटाला हार घालतो.

मोजणीच्या राजकारणाचा दुसरा धडा १९३२ चा. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या लोथियन समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्याआधी सायमन कमिशनने अस्पृश्यांची संख्या चार कोटींच्या वर धरली होती. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर ठरणार हे दिसताच संयुक्त प्रांत, बंगालसारख्या प्रांतांतून आकडे आले की आमच्याकडे अस्पृश्य जवळपास नाहीतच. हजारो वर्षं विहिरीवर, देवळात, पाणवठ्यावर जो बरोबर ओळखू येत होता, तो वाटा द्यायची वेळ येताच दिसेनासा झाला. आज मोबाईल दाखवून 'आता कुठे जात राहिली' म्हणणारा त्याच घराण्यातला आहे.

आणि शेवटी आरक्षणाला गरिबीचं औषध समजून हा सगळा वाद चालतो, तोच मुळात घोटाळा आहे. समजा, उद्या देशातल्या प्रत्येक बौद्ध, मातंग, चर्मकार, भटक्या आणि आदिवासी घरात महागातला महाग फोन आला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींमध्ये, विद्यापीठांच्या प्राध्यापकांमध्ये, वृत्तवाहिन्यांच्या संपादकांमध्ये आपली संख्या त्याने एकाने तरी वाढणार आहे का? आरक्षण हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. खिशात काय आहे हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही, खुर्चीवर कोण आहे हा विचारायचा.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द, कारण चूक तिकडेच आहे असं नाही. आपणही मोर्चाची, अभ्यासवर्गाची, फॉर्म भरायच्या तारखेची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि म्हणतो, वस्तीला कळवलं. ग्रुपमध्ये असतात घरातले तरुण पुरुष. धुण्याभांड्याला जाणारी आई नसते, साधा फोन वापरणारे आजोबा नसतात, दहावीतली मुलगी नसते. महाडीबीटीचा अर्ज राहून गेला म्हणून वर्ष वाया गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. घरात फोन होता, ओटीपी भावाच्या नंबरवर जात होता आणि भाऊ दुसऱ्या गावी कामाला. आमच्या पाहणीतसुद्धा ते घर 'स्मार्टफोन आहे' या रकान्यातच पडलं असतं.

म्हणून आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी वस्तीसाठी नवा फॉर्म केला आहे. घरात फोन आहे का, हा प्रश्न त्यात आहेच, पण त्याखाली आणखी ओळी आहेत. फोन कुणाच्या नावावर, दिवसाचे किती तास घरात असतो, नवा की जुना, हप्ता चालू आहे का, रिचार्ज संपल्यावर किती दिवस बंद राहतो, कामासाठी सक्तीने घ्यावा लागला का, मुलीच्या हातात कधी येतो, सरकारी ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. प्रगणक दारात येण्याआधी प्रत्येक वस्तीकडे स्वतःची वही तयार असावी, म्हणजे नंतर येणारा आकडा कशाशी ताडून बघायचा हे आपल्याला कळेल. फॉर्म हवा असेल त्यांनी कळवावं, फोनवर पाठवतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.

जयभीम.